रासायनिक समीकरणं संतुलित करताना नेमकं अडतं कुठे?

तुरटी

दहावीच्या ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ या धड्यात अडलेली मुलं बहुतेक वेळा मोजणीत चुकत नाहीत. चूक त्याआधीच झालेली असते, कारण सूत्रच चुकीचं लिहिलेलं असतं. चुकीच्या सूत्रावर कितीही वेळ घालवला तरी समीकरण जुळत नाही. कधी जुळलंच तर ते भलत्याच पदार्थाचं असतं. म्हणून हा धागा.

सूत्रं देवनागरीतच लिहितो आहे, म्हणजे H च्या जागी एच, Ca च्या जागी सीए. चिन्हाखालचा छोटा आकडा म्हणजे पादांक आणि सूत्राच्या आधीचा मोठा आकडा म्हणजे सहगुणक. या दोन आकड्यांची कामं वेगळी आहेत. पादांक पदार्थ कोणता ते सांगतो, सहगुणक त्याचे रेणू किती ते सांगतो. समीकरण संतुलित करताना फक्त सहगुणकाला हात लावायचा.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो. पादांक बदलून एच₂ओ₂ लिहिलं की दोन्हीकडचे अणू लगेच जुळतात, पण पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड येतं. बरोबर उत्तर:

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी संयुजा (अणू किंवा गट किती बंध करतो तो आकडा) पाहून प्रत्येक सूत्र पक्कं करायचं. मग सगळ्यांत गुंतागुंतीचं सूत्र निवडून त्याचा सहगुणक १ धरायचा आणि तिथून सुरुवात करायची. दोन्ही बाजूंना एकेकाच संयुगात दिसणारी मूलद्रव्यं आधी उरकायची. हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेवटी. एखादं मूलद्रव्य सुटं असेल (ओ₂, सीएल₂, एफई) तर ते सगळ्यांत शेवटी, कारण त्याचा सहगुणक बदलला तरी दुसरं काही बिघडत नाही.

ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल घेऊ. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, सल्फेटची २, म्हणून तिरपा गुणाकार करून सल्फेटचं सूत्र एएल₂(एसओ₄)₃.

एएल(ओएच)₃ + एच₂एसओ₄ → एएल₂(एसओ₄)₃ + एच₂ओ

गुंतागुंतीचं सूत्र उजवीकडचं, तिथे १. त्यात ॲल्युमिनिअम २, म्हणून डावीकडे २ एएल(ओएच)₃. सल्फेट गट ३, म्हणून ३ एच₂एसओ₄. डावीकडे हायड्रोजन ६ + ६ = १२, म्हणून ६ एच₂ओ. ऑक्सिजन अजून मोजलेलाच नाही, तो पडताळणीसाठी राखून ठेवायचा. डावीकडे ६ + १२ = १८, उजवीकडे १२ + ६ = १८. जुळलं.

शेवटचं मूलद्रव्य असं पडताळणीसाठी ठेवण्याची सवय फार उपयोगी आहे. ते आपोआप जुळलं नाही तर आधी कुठेतरी चूक आहे हे लगेच कळतं.

मोरचूद

चांगला धागा. मोजणीत चुका होतात त्या मुख्यतः कंसात. ३ सीए(ओएच)₂ मध्ये ऑक्सिजन किती? काही जण ३ म्हणतात, काही २. उत्तर ६. कंसाबाहेरचा पादांक कंसातल्या प्रत्येक अणूला लागतो, सहगुणक अख्ख्या सूत्राला. सीए₃(पीओ₄)₂ मध्ये ऑक्सिजन ८, फॉस्फरस २, पण कॅल्शिअम ३च.

स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी, हा दुसरा सापळा. मोरचूद म्हणजे सीयूएसओ₄·५एच₂ओ. मधला टिंब गुणाकाराचा नाही. तो ५ फक्त पाण्याला लागतो. एका सूत्रात ऑक्सिजन ४ + ५ = ९ आणि हायड्रोजन १०. धुण्याच्या सोड्यात, म्हणजे एनए₂सीओ₃·१०एच₂ओ मध्ये, ऑक्सिजन १३.

तिसरी गोष्ट म्हणजे द्विअणू मूलद्रव्यं: हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन. एच + सीएल → एचसीएल हे दिसायला संतुलित आहे, पण प्रयोगात एकेकटे अणू कुणी घेत नाही. एच₂ + सीएल₂ → २ एचसीएल असंच लिहायचं.

आम्ल आणि आम्लारीचं समीकरण असेल तर पाण्याकडे एच–ओएच म्हणून पाहा. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि फॉस्फरिक आम्लात:

३ सीए(ओएच)₂ + २ एच₃पीओ₄ → सीए₃(पीओ₄)₂ + ६ एच₂ओ

ओएच गट सहा, आम्लातले एच सहा, म्हणून पाणी सहा. ऑक्सिजन सुटा मोजावाच लागत नाही.

निळा लिटमस

एक शंका. पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज भाजण्याचं समीकरण अंदाजाने आकडे घालत गेलं की कधीच संपत नाही. इकडे ऑक्सिजन वाढवला की तिकडे लोह बिघडतं. याला सरळ वाट आहे का?

एफईएस₂ + ओ₂ → एफई₂ओ₃ + एसओ₂

कोनिकल फ्लास्क

आहे. अपूर्णांकाला घाबरायचं नाही. अंदाजाची पद्धत इथे फसते, कारण ऑक्सिजन उजवीकडे दोन संयुगांत विभागला आहे आणि एका संयुगात त्याची संख्या विषम आहे.

एफईएस₂ चा सहगुणक १ धरा. लोह १, म्हणून एफई₂ओ₃ चा ½. गंधक २, म्हणून एसओ₂ चा २. आता उजवीकडे ऑक्सिजन: ½ × ३ = १½, शिवाय २ × २ = ४, एकूण ५½. ओ₂ मध्ये दोन अणू, म्हणून सहगुणक ५½ चा निम्मा, म्हणजे ११/४. सगळ्यांना ४ ने गुणा:

४ एफईएस₂ + ११ ओ₂ → २ एफई₂ओ₃ + ८ एसओ₂

ऑक्सिजन डावीकडे २२, उजवीकडे ६ + १६ = २२. आकडे चार ओळींत येतात. ओ₂ सुटा असल्यामुळे तो शेवटी ठेवला, हे यातलं खरं गमक.

हायड्रोकार्बनच्या ज्वलनाला हीच रीत. क्रम कायम कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. ब्युटेन सी₄एच₁० घेतला तर सीओ₂ ४, एच₂ओ ५, ऑक्सिजन अणू ८ + ५ = १३, म्हणून ओ₂ १३/२. दुप्पट केलं की:

२ सी₄एच₁० + १३ ओ₂ → ८ सीओ₂ + १० एच₂ओ

नवसागर

या समीकरणावरून स्वयंपाकघराचा हिशेब काढता येतो, म्हणून थोडं थांबतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. सोपं जावं म्हणून सगळा ब्युटेन धरू. ५८ ग्रॅम म्हणजे एक मोल ब्युटेन (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या, डझनासारखी). त्याला ६.५ मोल, म्हणजे २०८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यातून १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ९० ग्रॅम पाणी तयार होतं. त्रैराशिक मांडलं तर एका सिलिंडरला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन लागतो आणि त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाण्याची वाफ बाहेर पडते. डावीकडे १४.२ + ५०.९ = ६५.१, उजवीकडे ४३.१ + २२.० = ६५.१ किलो. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम म्हणजे हाच ताळा.

पण संतुलित समीकरण अभिक्रियेत काय तयार होईल हे ठरवत नाही. उत्पादितं आपण लिहून दिली की ती कोणत्या प्रमाणात येतील एवढंच ते सांगतं. हवा कमी पडली तर याच ब्युटेनचं दुसरं समीकरणही तितकंच काटेकोर जुळतं:

२ सी₄एच₁० + ९ ओ₂ → ८ सीओ + १० एच₂ओ

दारं-खिडक्या बंद असलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर चालवणं धोक्याचं असतं ते याच कार्बन मोनॉक्साइडमुळे. प्रत्यक्षात दोन्ही अभिक्रिया कमीअधिक प्रमाणात एकदमच चालू असतात.

निळा लिटमस

आभार, अपूर्णांकाची वाट पटली. पण उत्तरात ½ तसाच ठेवला तर चालतो का?

तुरटी

शालेय परीक्षेत लहानात लहान पूर्णांकच लिहावेत. ४ एच₂ + २ ओ₂ → ४ एच₂ओ यातही अणू जुळतात, पण २ ने भाग जातो, म्हणून उत्तर अपुरं राहतं. शेवटी सगळ्या सहगुणकांचा मसावि पाहून घ्यायचा.

उष्णतेचा हिशेब असेल तिथे मात्र ½ मुद्दाम ठेवतात. एच₂ + ½ ओ₂ → एच₂ओ हे एक मोल पाण्यासाठी लिहिलेलं आहे आणि द्रवरूप पाणी तयार होताना त्यात सुमारे २८६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. समीकरण दुप्पट केलं तर उष्णताही दुप्पट लिहावी लागेल. अर्धा मोल म्हणजे अर्धा रेणू नव्हे, त्यामुळे त्यात चुकीचं काही नाही.

मोरचूद

सल्फेट, नायट्रेट असे गट अख्खे मोजायचे हा सल्ला चांगला आहे, पण गट अभिक्रियेत शाबूत राहत असेल तरच. हे न पाहता तो वापरला की घोटाळा होतो. फेरस सल्फेटचं उदाहरण पुस्तकातलंच आहे. हिरवे स्फटिक तापवले की आधी पाणी निघून जातं आणि ते पांढरे पडतात, मग तपकिरी होतात आणि गंधक जळाल्यासारखा वास येतो.

२ एफईएसओ₄ → एफई₂ओ₃ + एसओ₂ + एसओ₃

इथे उजवीकडे सल्फेट उरतच नाही. गंधक आणि ऑक्सिजन सुटे मोजावे लागतात. ऑक्सिजन ८ = ३ + २ + ३. लेड नायट्रेटचंही तसंच:

२ पीबी(एनओ₃)₂ → २ पीबीओ + ४ एनओ₂ + ओ₂

तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल हे याहून फसवं, कारण काही नायट्रेट शाबूत राहतं आणि काही मोडतं:

सीयू + एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + एनओ + एच₂ओ

इथे एचएनओ₃ चा सहगुणक थेट काढायला जाऊ नका. ऑक्सिडीकरण अंक पाहा, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले याचा हिशेबी आकडा. तांबं ० वरून +२ वर जातं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन देतं. मोडणारा नायट्रोजन +५ वरून +२ वर येतो, म्हणजे तीन घेतो. दोन आणि तीनचा लसावि ६. म्हणून तांबं ३ आणि एनओ २. आता ३ सीयू(एनओ₃)₂ साठी शाबूत नायट्रेट ६ लागतात, शिवाय मोडलेले २. एकूण आम्ल ८, म्हणून पाणी ४.

३ सीयू + ८ एचएनओ₃ → ३ सीयू(एनओ₃)₂ + २ एनओ + ४ एच₂ओ

ऑक्सिजन: २४ = १८ + २ + ४. आठातले सहा शाबूत आणि दोन मोडलेले, ही विभागणी एकदा समजली की समीकरण पाठ करावं लागत नाही. संहत आम्ल घेतलं तर एनओ ऐवजी तपकिरी एनओ₂ येतो, नायट्रोजन एकच इलेक्ट्रॉन घेतो आणि आकडे १, ४, १, २, २ असे होतात.

कोनिकल फ्लास्क

ज्यांना बीजगणित आवडतं त्यांच्यासाठी चलांची रीत. पोटॅशिअम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल:

क केएमएनओ₄ + ख एचसीएल → ग केसीएल + घ एमएनसीएल₂ + च एच₂ओ + छ सीएल₂

प्रत्येक मूलद्रव्याचं एक समीकरण मांडायचं. पोटॅशिअम: क = ग. मँगनीज: क = घ. ऑक्सिजन: ४क = च. हायड्रोजन: ख = २च. क्लोरिन: ख = ग + २घ + २छ. आता क = १ धरला की ग = १, घ = १, च = ४, ख = ८ आणि ८ = १ + २ + २छ, म्हणून छ = ५/२. दुप्पट करून:

२ केएमएनओ₄ + १६ एचसीएल → २ केसीएल + २ एमएनसीएल₂ + ८ एच₂ओ + ५ सीएल₂

सोळापैकी सहा क्लोरिन क्षारात गेले आणि दहांचा वायू झाला. या रीतीत अंदाज कुठेच लागत नाही, म्हणून लांबलचक समीकरणाला मला हीच जास्त भरवशाची वाटते.

नवसागर

भरवशाची आहे, पण एका ठिकाणी तीही एकच उत्तर देऊ शकत नाही. आम्लयुक्त परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. खालची दोन्ही समीकरणं अणू मोजून पाहा:

२ केएमएनओ₄ + एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ४ एच₂ओ + ३ ओ₂

२ केएमएनओ₄ + ५ एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ८ एच₂ओ + ५ ओ₂

पहिल्यात ऑक्सिजन दोन्हीकडे २२, दुसऱ्यात दोन्हीकडे ३०. दोन्ही अणूंनी पूर्ण संतुलित. पेरॉक्साइडचे ३ घेतले तरी जुळतं. अज्ञात चल सात आणि मूलद्रव्यं पाचच, म्हणून एक चल १ धरला तरी आणखी एक मोकळा राहतो. रसायनाच्या भाषेत सांगायचं तर २ एच₂ओ₂ → २ एच₂ओ + ओ₂ हे स्वतंत्र समीकरण कितीही वेळा त्यात मिसळता येतं आणि अणूंचा ताळा बिघडत नाही.

निकाल लागतो तो इलेक्ट्रॉन मोजून. मँगनीज +७ वरून +२ वर येतो, दोन अणूंचे मिळून १० इलेक्ट्रॉन घेतो. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन −१ वरून ० वर जातो, म्हणजे एक रेणू २ इलेक्ट्रॉन देतो. दहा द्यायला पाच रेणू हवेत. अर्ध अभिक्रिया मांडल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणं आणि देणं वेगवेगळं लिहिलं, तर:

एमएनओ₄⁻ + ८ एच⁺ + ५ इलेक्ट्रॉन → एमएन²⁺ + ४ एच₂ओ

एच₂ओ₂ → ओ₂ + २ एच⁺ + २ इलेक्ट्रॉन

पहिलीला २ ने आणि दुसरीला ५ ने गुणायचं. लागणारे एच⁺ १६, सुटणारे १०, निव्वळ ६, म्हणजे बरोबर ३ एच₂एसओ₄. प्रयोगशाळेत पेरॉक्साइडची संहती (द्रावणात ते किती आहे) परमँगनेटने अनुमापन करून, म्हणजे थेंबाथेंबाने मोजून घालून, काढतात तेव्हा २ : ५ हेच प्रमाण धरतात. चुकून २ : १ धरलं तर पेरॉक्साइड खऱ्याच्या पाचव्या हिश्शाएवढंच दिसेल.

तुरटी

हे उदाहरण सगळ्यांनी वहीत उतरवून घ्यावं असं आहे. आयनांच्या समीकरणात प्रभारही मोजायचा हेही त्यातून पटतं. साधं उदाहरण: सीयू + एजी⁺ → सीयू²⁺ + एजी. अणू जुळले, पण डावीकडे प्रभार +१ आणि उजवीकडे +२. खरं समीकरण सीयू + २ एजी⁺ → सीयू²⁺ + २ एजी.

निळा लिटमस

संतुलन न केल्याने नेमकं काय बिघडतं हे मुलांना घरच्या घरी दाखवता येईल असं काही आहे का? सिल्व्हर नायट्रेट वगैरे घरी नसतं.

नवसागर

खाण्याचा सोडा आणि स्वयंपाकघरातला काटा पुरेल. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा.

२ एनएएचसीओ₃ → एनए₂सीओ₃ + एच₂ओ + सीओ₂

१६८ ग्रॅम सोड्यातून १०६ ग्रॅम सोडिअम कार्बोनेट उरतं, म्हणजे १० ग्रॅममधून ६.३ ग्रॅम. स्टीलच्या लहान भांड्याचं वजन आधी करून ठेवा. त्यात १० ग्रॅम सोडा पातळ पसरा, मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं हलक्या हाताने हलवत तापवा, गार होऊ द्या आणि भांड्यासकट वजन करा. पुन्हा पाच मिनिटं तापवून वजन करा. दोन वजनं सारखी येईपर्यंत हे करायचं.

आता २ न लिहिता एकास एक धरून हिशेब करा. ८४ ग्रॅममधून १०६ ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम सोडा तापवल्यावर १२.६ ग्रॅम व्हायला हवा. वाफ आणि वायू निघून जात असताना वजन वाढतंय असं ते समीकरण सांगतं. काट्यावर ६.३ च्या आसपास आकडा दिसला की मुलांना तो २ कशासाठी होता ते कळतं.

वजन ७ च्या वर अडलं तर सोडा पूर्ण तापलेला नाही, बहुधा थर जाड झाला आहे. ६ च्या खाली गेलं तर हलवताना पूड उडाली, किंवा सोडा आधीच दमट होता. बेकिंग पावडर घेऊ नका, तिच्यात स्टार्च आणि आम्लधर्मी क्षार मिसळलेले असतात, हिशेब लागणार नाही. भांडं ॲल्युमिनिअमचं नको, कारण उरणारं कार्बोनेट ओलं झालं की ॲल्युमिनिअमला खातं. आणि हात कोरडे ठेवा, कार्बोनेट सोड्यापेक्षा तीव्र असतं.

मोरचूद

एक भर, थोडी वेगळी. दोन्ही बाजूंना एकच पदार्थ आला की तो वजा करायचा असं शिकवतात. प्रकाशसंश्लेषणात आपण लिहितो:

६ सीओ₂ + ६ एच₂ओ → सी₆एच₁₂ओ₆ + ६ ओ₂

संतुलित आहे. पण १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन यांनी ऑक्सिजन-१८ हा ऑक्सिजनचा जड समस्थानिक (जास्त वजनाचा अणू) वापरून दाखवलं की बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू १२. ते सगळे पाण्यातून यायचे तर पाण्याचे रेणू १२ हवेत, सहा पुरणार नाहीत. म्हणून:

६ सीओ₂ + १२ एच₂ओ → सी₆एच₁₂ओ₆ + ६ ओ₂ + ६ एच₂ओ

दहावीच्या उत्तराला पहिलं चालतं. कोणता अणू कुठून कुठे गेला हे दाखवायचं असेल तेव्हा उजवीकडचे ते सहा रेणू वजा करू नयेत.